थोरल्याच्या शिक्षणावर खर्च झाला म्हणून घर एकट्या धाकट्याला देणे योग्य आहे का?

आपल्या प्रश्नानुसार इंदूरच्या रामबागेतील घर वडिलांनी स्वकमाईतून बांधले असून, थोरल्याच्या अभियांत्रिकीवर आणि मुलीच्या लग्नावर आधीच खर्च झाल्यामुळे ते धाकट्याला देण्याचा त्यांचा विचार आहे.

कायद्याची त्यास आडकाठी नाही. स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र कोणाच्याही नावे करता येते. दोन साक्षीदार आवश्यक असतात, नोंदणी ऐच्छिक असते. घर वडिलोपार्जित असते, तर हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीमुळे मुलीचा हक्कही मुलाइतकाच ठरला असता.

न्यायाचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. गॅरी बेकर आणि नायजेल टोम्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये असे मांडले की, आईवडील अधिक गती असलेल्या मुलाच्या शिक्षणात जास्त गुंतवणूक करतात आणि इतरांची भरपाई पैसा किंवा मालमत्ता देऊन करतात. वडिलांचा हिशेब नेमका हाच आहे आणि दोन भावांपुरता तो मला पटतो. मुलीच्या बाबतीत तो पटत नाही, कारण शिक्षणामुळे थोरल्याची कमाई आयुष्यभर वाढली, तर मांडव, जेवणावळी आणि मानपान (तोही बहुधा व्याह्यांचा!) यांतून तिच्या हाती काहीच उरले नाही. तिला दागिने किंवा ठेव मिळाली असेल, तर तेवढीच रक्कम तिच्या वाट्यात धरावी.

शिवाय हयातीत बक्षीसपत्र करण्याऐवजी मृत्युपत्रच करावे. ते केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही.