दोर धरणारीचं नाव काय?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): ताई, मी 51 वर्षांचा. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रहस्यकादंबरी लिहायला बसलो. नायक पोलीस निरीक्षक आहे. लहानपणी चाळीच्या आगीतून एका मुलाला बाहेर काढल्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळालेलं असतं, पण आपली ती लायकी नव्हती हे त्याला आयुष्यभर खात राहतं. मित्रांना वाचून दाखवलं तर म्हणतात, पटत नाही, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? खरं तर हे माझंच आहे. 1986 च्या पावसाळ्यात, मी 12 वर्षांचा असताना, विहिरीत पडलेल्या एका लहान मुलाला वाचवलं. (शेजारची एक मुलगी रहाटाच्या खांबाला वेढा घालून दोर धरून होती. तिच्या हातांना नंतर महिनाभर चिंध्या बांधलेल्या असायच्या. आता पनवेलला असते म्हणतात.) शाळेने माझं नाव पाठवलं. पुढच्या जानेवारीत दिल्लीला राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कार मिळाला, राजपथावर हत्तीवर बसलो. पण मी काही विचार करून उडी मारली नव्हती, पोहता येत होतं म्हणून मारली. मग ते शौर्य कसलं? निरीक्षकाचं हे ओझं वाचकांना पटवू कसं?

ताईंचं उत्तर:

तुमचं पत्र पाच पानांचं होतं, मी तीनदा वाचलं. हत्तीच्या झुलीचा रंग आहे, दिल्लीच्या थंडीत उसना घेतलेला कोट आहे, तो खांद्यात सैल होता हेही आहे. त्या मुलीचं नाव नाही. ती कंसात आहे, अडीच ओळींत.

मी विहिरीचं पाणी शेंदलेलं आहे. भरलेली कळशी वर घेताना ओला काथ्याचा दोर तळहातातून नुसता सटकला तरी साल निघते, आणि रात्री भाकरी मोडताना डोळ्यांत पाणी येतं. त्या पोरीने कळशी धरली नव्हती. दोराच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही होता आणि तुमच्या कडेला ते लेकरू. नुसत्या हातांनी धरला असता तर तीही आत गेली असती, म्हणून तिने आधी खांबाला वेढा घातला. हे तिला त्या घटकेला सुचलं! तुम्ही म्हणता, मी विचार केला नव्हता. बरोबर आहे. विचार तिने केला होता.

म्हणून ‘विचार न करता उडी मारली’ हे तुमचं दुखणं मला खरं वाटत नाही. पाण्यात उडी मारणारे सगळे तशीच मारतात. तुम्हाला टोचतंय ते वेगळं आहे. ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर ते कंसात गेलं.

या पुरस्काराची सुरुवातच बघा. 1957 च्या 2 ऑक्टोबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर, नेहरू समोर बसलेले असताना, मंडपाने पेट घेतला. हरिश्चंद्र मेहरा हा 14 वर्षांचा स्काउट खांबावर चढला आणि त्याने चाकूने जळतं कापड कापून काढलं. त्यावरून मुलांना असा मान द्यायची कल्पना पुढे आली. तिथे बघायला अख्खं मैदान होतं. तुमच्या विहिरीवर घडलेलं सांगू शकतील अशी माणसं दोनच, तुम्ही आणि ती. अर्जात एकच नाव गेलं. तिच्या घरी कुणी विचारायला गेलं होतं का, याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही.

बारा वर्षांचा मुलगा यात काय करणार होता? त्याला उसना कोट चढवला, गाडीत बसवलं, तो गेला. त्या पोराची बाजू मी कुणाशीही भांडून घेईन. पण बँकेत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघणाऱ्या माणसाची बाजू मी घेणार नाही. लग्न झालं, मुलं झाली, पनवेल कुठे आहे हे कळलं, आणि तरी तुम्ही गेला नाहीत. आता कादंबरी लिहिताय, तर त्या चाळीच्या आगीत निरीक्षक एकटाच आहे. विहिरीची आग केलीत, गावाची चाळ केलीत, आणि या सगळ्या फिरवाफिरवीत दोर धरणारी तेवढी गळाली. तुमच्या मित्रांना पटत नाही ते याचमुळे. शेरलॉक होम्सने 1902 च्या जूनमध्ये ‘सर’ हा किताब नाकारला, का ते वॉटसन कुठेच सांगत नाही, आणि वाचक तक्रार करत नाहीत. कारण न सांगितलेलं चालतं. तुम्ही मात्र कारण सांगताय आणि ते खोटं सांगताय.

तुमचा निरीक्षक प्रत्येक प्रकरणात जुन्या साक्षीदाराचा जबाब पुन्हा घेतो. (तो जबाबाखाली साक्षीदाराची सही घेतो, ती काढून टाका. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. फौजदारी संहितेचं 162 कलम तसं सांगत होतं, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 181 तेच सांगतं.) आणि त्याला जन्म देणाऱ्या माणसाने आपल्या एकमेव साक्षीदाराला जवळजवळ चाळीस वर्षांत एक प्रश्न विचारलेला नाही.

तेव्हा हस्तलिखित कपाटात ठेवा आणि येत्या रविवारी पनवेलला जा. गावाकडे कुणालाही फोन केलात तर पत्ता संध्याकाळपर्यंत मिळेल. पदक नेऊ नका. ते तिच्या हातात ठेवलंत तर ती अवघडेल, तुमचीच समजूत घालत बसेल, आणि पुन्हा सगळं तुमच्याभोवती फिरेल. माफीही लगेच मागू नका, तीही तुमच्याच सोयीची. तिला एवढंच विचारा, ‘त्या दिवशी तू विहिरीवर कशी आलीस?’ मग गप्प बसा. चहा निवला तरी मध्ये बोलू नका. ती म्हणेल, जाऊ दे रे, किती जुनं झालं. म्हणू दे, तरी बसून राहा. कदाचित ती रागावेल. तिला तो हक्क आहे. तेही ऐकून घ्या.

तुमचा निरीक्षक थांबेल, त्याला घाई नाही. मला मात्र आहे. पुढच्या पत्रात कादंबरीचं काही लिहू नका. पहिल्या ओळीत तिचं नाव लिहा, माहेरचं, जे तेव्हा अर्जात जायला हवं होतं.