जुन्या शास्त्रीय गायनाचे 'रिमास्टर्ड' स्वस्त सीडी-संच घ्यावेत का? आवाज कसा असतो?

घ्या. फक्त वेष्टणावरच्या 'डिजिटली रिमास्टर्ड' (म्हणजे जुनं मुद्रण संगणकावर नव्याने साफसूफ केलेलं) या शिक्क्याला भुलून घेऊ नका, आणि किंमत कमी दिसते म्हणून सोडूही नका. तुम्ही लिहिलंय की बाबा उमरखेडकडे गावात राहतात, नेट धड चालत नाही, त्यांना खाँसाहेब-बुवांचं जुनं गाणं ऐकायचंय, आणि इतक्या सीड्या इतक्या थोड्या पैशांत म्हणजे आवाजात काहीतरी गोम असणार. गोम असते कधीकधी, पण ती किमतीवरून ओळखू येत नाही. मी दारव्हा तालुक्यात भजन-कीर्तनाला साउंड लावतो, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि जुन्या रेकॉर्डींचा नाद आहे, तेवढ्या अधिकारावर सांगतो.

आधी स्वस्ताईचं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. त्यामुळे 1930-40 च्या दशकातल्या तबकड्या, आणि आता 1960 च्या आसपासच्या एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या तबकड्यासुद्धा, हक्कातून सुटल्या आहेत. ज्याच्याकडे मूळ कंपनीचे धातूचे साचे किंवा टेप आहेत त्याचा खर्च कधीच वसूल झालाय, म्हणून तो स्वस्त देऊ शकतो. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तोही स्वस्तच देतो, कारण त्याने दुसऱ्याची सीडी नाहीतर नेटवरची फाइल उचललेली असते. दोन्ही डबे दुकानात शेजारी-शेजारी असतात. फरक बघायचा तर मागची बारीक अक्षरं वाचा. मुद्रणाचं साल, मूळ रेकॉर्डचा नंबर, साथीला कोण, टेपवरून घेतलं की तबकडीवरून, यातलं काही छापलं असेल तर कुणीतरी मन लावून काम केलंय. नुसतं रागाचं नाव आणि गायकाचा रंगवलेला फोटो असेल तर मी दोनदा विचार करतो.

आता खरखरीकडे येऊ, कारण सगळं भांडण तिच्याशीच आहे. 78 ची रेकॉर्ड, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी, लाखेची असायची. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळसाच्या फांद्यांवर धरते तीच लाख, आणि तिच्यात दगडाची बारीक पूड. पोलादी सुई त्या पुडीवर घासून खाचेच्या मापाची व्हावी, असाच तो हिशोब होता. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची असे. मागून येणारी ती सूं-सूं या पुडीची. रेकॉर्ड कोरी असली तरी ती असतेच. झिजलेल्या रेकॉर्डची गोष्ट वेगळी. सुया वाचवायच्या म्हणून घरोघरी एकच सुई कितीतरी बाजूंना चालवली जायची. त्यात खाच झिजे, आणि झिजे तीही नेमकी जिथे आवाज मोठा तिथे. म्हणून गायक तार षड्जाला गेला की आवाज फाटल्यासारखा येतो. तो दोष गायकाचा नाही, आणि कुठल्याही संगणकाने तो पुरता निघतही नाही. उपाय एकच, त्याच रेकॉर्डची दुसरी चांगली प्रत शोधायची. मेहनत इथे लागते, आणि स्वस्त संचवाला हात आखडता घेतो तोही इथेच.

शिवाय मुळात काय मुद्रित झालं होतं त्याच्या पलीकडे कुणीही जाऊ शकत नाही. 1902 साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भोंग्यात तोंड घालून गायचं. विजेवरचं मुद्रण जगात सुरू झालं ते 1925 ला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930 च्या दशकातल्या रेकॉर्डी मायक्रोफोनवरच्या आहेत, म्हणून त्यांत आवाजाची धार आणि गोडवा दोन्ही कळतात. भोंग्याच्या काळातल्या तबकडीत खर्जही नाही आणि वरची चमकही नाही. तिथे कुणी 'क्रिस्टल क्लिअर' लिहिलं तर हसून सोडून द्या.

खरा घात होतो तो खरखर काढताना. माझ्याकडे लोक जुन्या कॅसेटी घेऊन येतात आणि पहिलं वाक्य हेच असतं, 'भाऊ, थोडी खरखर काढून टाका ना जी.' खरखर काढायचा प्रोग्राम चालतो कसा? गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसत्या सूं-सूंचा तुकडा त्याला दाखवायचा. तो त्याचा नमुना धरतो आणि पूर्ण मुद्रणातून तेवढं वजा करत जातो. जे एकसारखं, न हलता वाजत राहतं ते कचरा, असं त्याचं साधं गणित. पाश्चात्य वाद्यवृंदात हे बऱ्यापैकी खपून जातं. आपल्या गाण्यात मात्र एकसारखं, न हलता वाजत राहणारं दुसरंही काही असतं, आणि तो तंबोरा आहे. जवारीतून, म्हणजे तारा जिथे घोडीवर टेकतात तिथून, जी बारीक झणकार उठते ती थेट त्या सूं-सूंच्याच पट्ट्यात बसलेली असते. सोयाबीन उफणताना वारा जोराचा असला की भुशाबरोबर हलके दाणेही उडून जातात, तसं होतं. खरखर जाते आणि जवारीही जाते. उरतो तो तंबोऱ्याचा नुसता ठोंब्या आवाज, आणि जास्तच हात मारला असेल तर मागे पाण्यात बुडबुडल्यासारखं काहीतरी.

हे कानाने पकडायचं असेल तर अमीर खाँसाहेबांचा मारवा घ्या, 1960 च्या एलपीवरचा. एका बाजूचा पूर्ण वेळ एकच राग, अतिविलंबित म्हणजे फार संथ लयीतला झुमरा ताल, आणि दोन आलापांच्या मध्ये मोकळ्या जागा. त्या जागांत खाँसाहेब गप्प असतात, तबला संथ ठेका देतो आणि तंबोरा घुमत असतो. चांगल्या प्रतीत त्या जागेत हलकी सूं-सूं ऐकू येते, पण तंबोराही जिवंत असतो, म्हणून पुढचा धैवत कुठून उगवला ते कळतं. 'साफ' केलेल्या प्रतीत गायक थांबला की खोलीच बंद पडते, आणि गायला लागला की सगळं एकदम परत येतं. दोन-तीन मिनिटं असं ऐकलं की मला तरी डोकं धरल्यासारखं होतं. 'टक-टक' काढण्याच्या फिल्टरनेही असंच होतं. तबल्याची किनार म्हणजेही क्षणभराचा टोकदार आवाज, तो त्याला ओरखडा वाटतो, आणि 'ता' चा 'त' नाहीसा होतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. दोन संचांत निवडायचं झालं तर जास्त खरखर असलेला घ्या. खरखरीला कान सरावतो. गेलेला तंबोरा परत येत नाही.

बाकीच्या खोडी भराभर सांगतो. जुन्या मोनो मुद्रणाला मागून 'एको' जोडून देवळात गायल्यासारखं करतात, किंवा खोटा स्टीरिओ करून खर्ज एका बाजूला आणि टीप दुसऱ्या बाजूला लोटतात. असं काही ऐकलं की संच परत. आवाज सगळीकडे सारखाच मोठा केलेला असेल, आलाप आणि द्रुत तान एकाच जोरात येत असतील, तर तोही घेऊ नका.

सीड्या किती आणि तास किती, याचा हिशोब मात्र जरूर करा. खरी ऑडिओ सीडी 74 ते 80 मिनिटांचीच असते. एकाच सीडीत दहा-बारा तासांचं गाणं असेल तर ती एमपी-3 सीडी. 128 केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट या हिशोबाने, 700 एमबीमध्ये साधारण 12 तास मावतात. ऑडिओ सीडीतून सेकंदाला 1411 किलोबिट येतात, म्हणजे इथे अकरा भागांतला एक भाग ठेवून बाकीचे फेकले. फेकताना पहिली कुऱ्हाड वरच्या बारीक स्वरांवर पडते, म्हणजे पुन्हा तंबोराच. शेतात काम करताना ऐकायला एमपी-3 चालेल. रात्री निवांत बसून मारवा ऐकायला नको.

सूर बरोबर आहे का, हेही बघा. 78 ची रेकॉर्ड नेहमी 78 लाच मुद्रित झालेली असायची असं नाही, भोंग्याच्या काळात तर वेग बराच मागे-पुढे असे. उतरवणाऱ्याने विचार न करता चालवली तर सूर हलतो. 78 ची रेकॉर्ड 82 च्या वेगाने फिरली की पेटीच्या पांढरी एक पट्टीतलं गाणं जवळजवळ काळी एकला, म्हणजे अर्धा स्वर वर, जातं, ताना उगाच चपळ वाटतात आणि आवाज बारीक होतो. बाबांकडे पेटी असेल तर षड्ज लावून बघता येईल. पण षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला एवढ्यावरून संच वाईट ठरवू नका, गायक आपल्या सोयीने तंबोरे लावायचे. तीच रेकॉर्ड दुसऱ्या कुठल्या संचात किंवा रेडिओवर ऐकायला मिळाली तर ताडून बघा. आकाशवाणीच्या संग्रहातून निघालेल्या सीड्या मला यासाठी आवडतात. त्या टेपवरून आल्यात, आणि टेपच्या वेगाची गडबड त्या मानाने कमी असते. वसंतराव देशपांड्यांसारखे, आपल्या मूर्तिजापूरला 1920 साली जन्मलेले, टेपच्या काळातले गायक हवे असतील तर खरखरीचा प्रश्नच निम्मा मिटतो. मैफिलीचं मुद्रण असेल तर खोकले आणि दाद येईल, ती राहू द्या.

वाजवायला घरातला जुना डीव्हीडी प्लेयर पुरतो. मुद्रण मोनो आहे, तेव्हा दोन फुसक्या स्पीकरांपेक्षा एक बरा स्पीकर चांगला. होम थिएटरचा 'बास' शून्यावर आणा, 'रॉक', 'पॉप' वगैरे बटणं बंद करा. नाहीतर तबल्याचा डग्गा भिंत हलवेल आणि आपण संचाला शिव्या देऊ. 'घूंss' असा जाड आवाज येत असेल तर सीडी पॉजवर ठेवा. तरीही घूं चालू राहिली तर ती बहुधा घरातल्या अर्थिंगची. खेड्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओता. पॉज केल्यावर थांबली तर ती मुद्रणातच आहे. आणि पहिल्यांदा ऐकायचं तर कूलर बंद करून, रात्री. एप्रिल-मे महिन्यात कूलरपुढे चांगला आणि वाईट संच सारखाच ऐकू येतो.

संच घरी आला की सगळ्या सीड्या एकदम फोडू नका. सर्वांत संथ राग ज्या सीडीत आहे तेवढी एकच काढा, पहिली पाच मिनिटं डोळे मिटून फक्त तंबोरा ऐका. तो नसेल तर बाकीच्यांचं प्लास्टिक तसंच ठेवा, सगळा फोडलेला संच दुकानदार परत घेत नाही.