स्पितीला जा, पण एफडी मोडून नको

प्रश्न : वय ३८, राहणार नाशिक. हातात पगार १,०५,०००. घराचा हप्ता २८,०००, घरखर्च ४०,०००, पाचवीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी १५,०००. पत्नी सध्या नोकरी करत नाही. कॅम्पिंगसाठी आणि हिमाचलातल्या स्पितीला जाण्यासाठी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) डिझेल एसयूव्ही घ्यायची आहे, ऑन-रोड २१ लाख. सहा लाखांची एफडी मोडून डाउन पेमेंट, बाकीचं सात वर्षांचं कर्ज. जुन्या हॅचबॅकचे अडीच लाख येतील, त्यात रूफटॉप टेंट (टपावरचा तंबू), ऑनिंग (गाडीच्या बाजूला ओढायचं छप्पर), फ्रीज, लाइट बार वगैरे. काही महिने एसआयपी थांबवली तर चालेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. गेल्या वर्षी भंडारदरा आणि पवना मिळून तंबूत सहा रात्री काढल्या, असं तुम्ही लिहिलंय. हिशेब तिथूनच सुरू करू.

१५ लाख, ९ टक्के, सात वर्षं म्हणजे हप्ता साधारण २४,१०० आणि एकूण व्याज सव्वापाच लाखांच्या वर. घराचा हप्ता, घरखर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे २२,००० उरतात. म्हणजे डिझेल आणि विमा धरायच्या आधीच खड्डा पडतोय, आणि तो मुलीच्या एसआयपीतून बुजवायचा विचार आहे. हप्ता सात वर्षांचा असताना ‘काही महिने’ थांबवलेली एसआयपी सुरू कधी होणार? मुलगी तेव्हा बारावीत असेल.

एफडीचं तर नावच काढू नका. एकट्याच्या पगारावर चालणारं घर, महिन्याला ६८,००० ची गरज. ते सहा लाख म्हणजे नोकरी गेली तर जेमतेम नऊ महिने.

आता गाडी. भंडारदऱ्याला, साम्रद गावापर्यंत किंवा कोकणात ग्राउंड क्लिअरन्स आणि चांगले टायर कामाला येतात. फोर बाय फोरचा लिव्हर वर्षातून एकदा हलला तरी पुष्कळ. शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रस्ता कर आहे, पेट्रोलला १२. गाडी जितकी महाग, तितका करही मोठा, आणि त्याच्यावरही तुम्ही कर्जाचं व्याज भरणार.

मी असं करीन. या महिन्यापासून २०,००० ची आरडी, दहा महिने. ही हप्त्याची रंगीत तालीम. ओढाताण झाली तर गाडी न घेताच कळेल. जमलं, तर हातात दोन लाख. त्यात हॅचबॅकचे अडीच घालून साडेबारा लाख ऑन-रोडची टू-व्हील ड्राइव्ह घ्या. आठ लाखांचं पाच वर्षांचं कर्ज, हप्ता सुमारे १६,६००, व्याज दोन लाखांच्या आत. उरलेले तीन-साडेतीन हजार विमा आणि जादा इंधनाला. एफडी आणि एसआयपी जागच्या जागी.

सजावटीबद्दल माझं मत थोडं कडू आहे, कारण रूफटॉप टेंट मीही घेतला होता. तीनदा उघडला. साठ-एक किलोचं ते धूड चढवायला-उतरवायला दरवेळी शेजाऱ्याला हाक मारावी लागायची. सध्या ते माळ्यावर आहे. घ्यायचाच हट्ट असेल तर छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत आधी बघा. लाइट बारसाठी वायरिंग कापलं की वॉरंटीचा वाद सुरू होतो. बाहेरून लावलेली अ‍ॅक्सेसरी पॉलिसीत नोंदवली नसेल, तर तिचे पैसे क्लेममध्ये मागू नका. आणि पुढच्या बंपरवर लावतात त्या लोखंडी बुलबारवर तर २०१७ पासून बंदीच आहे.

जमिनीवरचा चांगला तंबू, फोमच्या गाद्या, हवा भरायचा पंप, पंक्चर किट, टो-रोप एवढं २५-३० हजारांत बसतं. मागची सीट पाडून त्यावर सुताराकडून १२ मिमी प्लायची घडीची फळी करून घ्या. पाऊस आला की मायलेकी गाडीत, तुम्ही तंबूत.

राहता राहिलं स्पिती. शिमला-किन्नौर मार्गे काझापर्यंत, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावापर्यंत, साध्या गाड्याही जातात. खरा त्रास मनालीच्या बाजूला, कुंझुम खिंड उतरल्यावर बातल ते ग्रांफू या टप्प्यात आहे. तेव्हा येत्या जूनमध्ये हॅचबॅकनेच, किन्नौरकडून जाऊन त्याच वाटेने परत या. आरडी तोवर चालूच राहील.