टमी टकच्या आधी घर तयार करा: माझा अनुभव

तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. तुझं वय ३४, दोन सिझर, धाकटा तीन वर्षांचा, पोट अजूनही पाचव्या महिन्यासारखं दिसतं, टमी टकची (बाळंतपणाने सैल पडलेलं पोट सपाट करण्याच्या ऑपरेशनची) तारीख महिन्यावर आली आहे. तयारी काय करू, मुलाला कधी उचलता येईल आणि सासूबाईंना काय सांगू, हे तीन प्रश्न. वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते. मी जळगावला राहते, माझं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी पुण्यात झालं.

आधी नेमकं काय करतात ते समजून घे, म्हणजे नंतरची बंधनं का आहेत ते कळेल. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, सिझरच्या टाक्यांच्याच पातळीवर लांब छेद घेतात. कातडी आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सोडवतात. बाळंतपणात मधून फाकलेले पोटाचे दोन उभे स्नायू टाके घालून परत जवळ आणतात. जादा कातडी कापून उरलेली खाली ओढून शिवतात आणि बेंबीसाठी नवं भोक करतात. म्हणजे बाहेर एक मोठी जखम आणि आत स्नायूंची एक लांब शिवण. बाहेरची दोन-तीन आठवड्यांत भरते. आतली शिवण पक्की व्हायला सहा आठवडे तरी लागतात, आणि ती दिसत नाही म्हणून घरातले लोक (आणि आपणही) तिला विसरतो.

तिसरं मूल नक्की नको आहे ना? गरोदरपणात ती शिवण पुन्हा ताणली जाते. वजन सहा महिने तरी एका जागी स्थिर आहे ना? हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे. आणि एखाद्या चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम करून पाहिलास का? स्नायूंमधलं अंतर थोडं असेल तर पुष्कळ फरक पडतो. लोंबणारी कातडी मात्र व्यायामाने जात नाही.

डॉक्टरांची पदवी बघताना प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का ते बघ, नुसत्या ‘कॉस्मेटिक’ पाटीवर जाऊ नकोस. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तिथे असतील का आणि रात्री काही झालं तर कोण येईल, हेही विचार. विम्याचं म्हणशील तर कॉस्मेटिक शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेलीच असते. बेंबीचा हर्निया असेल तर त्याच्या दुरुस्तीपुरतं काही मिळेल का, ते आधीच लेखी विचारून घे.

आता रक्त. माझं हिमोग्लोबिन ९.८ निघालं आणि डॉक्टरांनी तारीख दोन महिने पुढे ढकलली. तेव्हा मी रडले होते, आज त्यांचे आभार मानते. तू आजच तपासून घे. अ‍ॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, ई जीवनसत्त्व, आयुर्वेदिक काढे, गर्भनिरोधक गोळ्या, जे काही चालू असेल ते डॉक्टरांपुढे मांड. आपण काढ्याला औषध समजत नाही म्हणून सांगत नाही, पण काहींनी रक्तस्राव वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि तंबाखू. सिगारेट आपल्याकडे बायका फारशा ओढत नाहीत, पण मिश्री लावतात, आणि निकोटिन ते निकोटिनच. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. माझ्या शेजारच्या खोलीतल्या काकूंनी मिश्रीचं लपवलं होतं. त्यांच्या टाक्यांची मधली कड काळी पडली आणि ती जखम भरायला महिने लागले. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, एवढं पाळायलाच हवं.

आता घर. मी इथेच कमी पडले, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले दहा-बारा दिवस कमरेतून वाकूनच चालावं लागतं, ताठ उभं राहिलं की टाके ओढतात. झोपायचं पाठीवर, पाठीमागे तीन उशा आणि गुडघ्यांखाली दोन. सपाट पलंगावर उशा घसरतात. आम्ही शेवटी पलंग भिंतीला लावला. जमिनीवर बसणं, पाटावर जेवणं बंद. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं तर अशक्यच. घरात कमोड नसेल तर मेडिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची आधी आणून ठेव. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि कुंथणं म्हणजे थेट आतल्या शिवणीवर जोर. इसबगोल, भरपूर पाणी, पपई पहिल्या दिवसापासून. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. ती उशी हाताशीच राहू दे.

कपड्यांत एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती: परकराची नाडी आणि सलवारची नाडी बरोबर त्या टाक्यांवर येते. दोन महिने गाऊनच घाल. ऑपरेशननंतर पोटाला घट्ट बांधायच्या पट्ट्याचे दोन जोड घे, एक धुवायला एक अंगावर, कारण तो साधारण सहा आठवडे जवळपास चोवीस तास घालायचा असतो. जळगावच्या मे महिन्यात हे सोसवलं नसतं, म्हणून मी जानेवारी निवडला. रोजची भांडी, तेलाचा डबा, कुकर सगळं ओट्याच्या उंचीवर काढून ठेव. पाण्याची कळशी, भरलेला मोठा कुकर, धुण्याची ओली बादली, यांना हात लावायचा नाही.

ड्रेनची भीती वाटते असं लिहिलंस. आत साठणारं रक्त-पाणी निघून जावं म्हणून पोटाच्या खालच्या बाजूने एक-दोन बारीक नळ्या बाहेर येतात, टोकाला हातात मावेल असा प्लास्टिकचा फुगा. रोज दोनदा बूच उघडून मापात ओतायचं, वहीत मिली लिहायचे, मग फुगा दाबून चपटा करून तसाच बूच लावायचा. हवा राहिली तर तो ओढत नाही. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग लिंबाच्या सरबतासारखा पिवळसर. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की काढतात. माझा अकराव्या दिवशी निघाला. तोवर मी कोथरूडला बहिणीकडेच राहिले. आठ-नऊ तासांचा प्रवास करून लगेच जळगावला जाऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कारण पाय न हलवता बसून राहिलं की गुठळीचा धोका. म्हणूनच ऑपरेशनच्या संध्याकाळीच धरून चालवतात. चाल, दुखलं तरी चाल.

एका पोटरीत दुखणं किंवा सूज, अचानक धाप, छातीत कळ: ताबडतोब दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. ताप, टाक्यांभोवती वाढती लाली, घाण वास, ड्रेनमधून एकाएकी भरपूर लाल रक्त: लगेच फोन. ड्रेन काढल्यावर पोटात पाणी डचमळल्यासारखं वाटलं तर ते सुईने काढतात, त्याला घाबरू नकोस.

मुलाचं. तीन वर्षांचं मूल बारा-चौदा किलोचं असतं आणि तुला सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही. त्याला आत्तापासून सवय लाव: आई सोफ्यावर बसते, तू शेजारी चढून बस. त्याला बाबांच्या किंवा आजीच्या हातून अंघोळ घालायला आजपासूनच सुरुवात कर. माझी मुलगी पहिल्या आठवड्यात माझ्या पोटावर उडी मारायला धावत आली, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

बाकी भराभर सांगते. खुर्चीवरची नोकरी दोन-तीन आठवड्यांनी, स्कूटर मात्र डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. संध्याकाळी पोट सुजतं, हे तीन महिने किंवा जास्तही चालतं, आरशात बघून निराश होऊ नकोस. बेंबीखाली बधिरपणा येतो, माझा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. गरम पाण्याची पिशवी तिथे कधीच ठेवू नकोस, भाजलेलं कळत नाही. व्रण पहिले काही महिने लाल आणि जाड दिसतो, फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना सिलिकॉन जेलबद्दल विचार.

आता सासूबाई. मला बेंबीचा छोटा हर्निया होता, म्हणून मी त्यांना ‘हर्नियाचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं. वाटलं, उगाच चर्चा नको. पण त्यांच्या भावाचं दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो आठव्या दिवशी दुकानात बसला होता. त्यामुळे अठराव्या दिवशी त्यांनी सहज म्हटलं, पाहुणे येताहेत, पुरणाचं बघशील ना? आणि मी खोटं लपवायला ओट्याशी दोन तास उभी राहिले, पुरणाचं पातेलं उचललं. रात्री पोट असं सुजलं की पट्टा लागेना. दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन, सोनोग्राफी, दोनदा सुईने पाणी काढणं. तेव्हा मी त्यांना गाऊन वर करून व्रण दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, अगं, एवढं कापलंय आणि तू सांगितलं नाहीस? त्यानंतर पुढचा महिनाभर त्यांनी मला ओट्यापाशी येऊ दिलं नाही.

तुझ्या सासूबाई कशा आहेत ते तुला माहीत. पण जी व्यक्ती ते सहा आठवडे तुझं मूल उचलणार आहे, तिला तरी खरं सांग. तारखेच्या आधी, नवऱ्याला शेजारी बसवून.