रस्त्याकडच्या छपरावर सोलर नको, असं एचओए म्हणते

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना असलेल्या वसाहतीत, स्वतंत्र घरात राहतो. दक्षिणेकडच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या छपरावर सोलर पॅनेल बसवायला 3 मार्चला अर्ज दिला. 20 मार्चला कमिटीने दोन्ही शेजाऱ्यांच्या संमतीच्या सह्या मागितल्या. एकीने सही द्यायला नकार दिला. 22 एप्रिलला पत्र आलं : दर्शनी बाजूला चालणार नाही, मागच्या छपरावर बसवा. ते छप्पर उत्तरेकडे आहे. इन्स्टॉलर म्हणतो, वर्षाला 9,000 युनिट मिळायचे तिथे 6,600 मिळतील. कायदा आमच्या बाजूचा आहे म्हणतात, मग सरळ काम सुरू करावं का?

उत्तर : ताई, काम सुरू करू नका. तुमची बाजू भक्कम आहे, पण परवानगीआधी छपरावर माणसं चढली की वाद सोलरचा राहत नाही, तुम्ही नियम मोडल्याचा होतो. तेसोरो देल व्हाये या वसाहतीतल्या घरमालकांनी मंजुरी नसताना पॅनेल बसवली. 2011 मध्ये अपील न्यायालयाने एचओएच्या बाजूचा निकाल कायम ठेवला.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. कॅलिफोर्निया सिव्हिल कोडच्या कलम 714 नुसार एचओए सोलरवर फक्त वाजवी बंधनं घालू शकते. वाजवी कशाला म्हणायचं हे कमिटीच्या आवडीनिवडीवर सोडलेलं नाही. वीज बनवणाऱ्या पॅनेलच्या बाबतीत, एखाद्या अटीमुळे खर्च 1,000 डॉलरपेक्षा जास्त वाढत असेल किंवा कार्यक्षमता 10 टक्क्यांहून जास्त घटत असेल, तर ती अट टिकत नाही. दोन्हींपैकी एक पुरे. आणि तुलना करायची ती तुम्ही मुळात दिलेल्या आराखड्याशी. तुमची घट जवळजवळ 27 टक्के आहे. मात्र हा आकडा इन्स्टॉलरच्या तोंडी राहू देऊ नका. दोन्ही छपरांचे आराखडे, वर्षभराच्या विजेचा अंदाज आणि खर्च त्याच्या सहीनिशी कागदावर घ्या. उत्तरेच्या छपरावर तेवढीच वीज मिळवायला जास्तीची पॅनेल लागतील, त्यांची किंमतही त्यात येऊ द्या. माझ्या मते हा प्रश्न या कागदांवरच सुटेल.

दुसरा मुद्दा तारखांचा. अर्ज मिळाल्यापासून 45 दिवसांत लेखी नकार आला नाही, तर अर्ज मंजूर झाला असं कायदा धरतो. अर्ज 3 मार्चलाच पोचला असेल तर मुदत 17 एप्रिलला संपली. पोचल्याचा पुरावा, निदान ईमेल तरी, शोधून ठेवा. एचओए म्हणेल की सह्या मागितल्यामुळे वेळ गेला. वाजवी माहिती मागितल्यामुळे उशीर झाला असेल तर त्यांना सूट आहे हे खरं, पण स्वतंत्र घराच्या छपरासाठी शेजाऱ्यांची संमती मागणं ही वाजवी माहिती आहे असं मला वाटत नाही. सामाईक छपराची इमारत असती तर शेजाऱ्यांना कळवणं वगैरे वेगळे नियम लागले असते. तरीही केवळ तारखेवर विसंबू नका, 10 टक्क्यांचा मुद्दा जास्त पक्का आहे.

म्हणून आधी एचओएच्या बोर्डाकडे, म्हणजे संचालक मंडळाकडे, लेखी फेरविचार मागा. कलम 4765 प्रमाणे नकाराच्या पत्रात कारण आणि फेरविचाराची पद्धत दोन्ही असायला हवं. नसेल तर तसं नमूद करा. सोबत ‘मीट अँड कन्फर’ची, म्हणजे बोर्डाच्या प्रतिनिधीशी समोरासमोर बोलण्याची लेखी मागणी करा. ती एचओएला नाकारता येत नाही आणि तुमच्याकडून तिची फीही घेता येत नाही. बैठकीत शेजारणीबद्दल बोलू नका, आकड्यांवर राहा. उद्या तिच्याच शेजारी राहायचं आहे.

तरीही अडून बसले तर मध्यस्थीची रीतसर नोटीस द्यायची, उत्तराला 30 दिवस असतात. त्यानंतर सुपिरिअर कोर्ट. जाणूनबुजून कायदा मोडणाऱ्या एचओएला नुकसानभरपाईशिवाय 1,000 डॉलरपर्यंत दंड होतो आणि जिंकणाऱ्या पक्षाला वकिलाची वाजवी फी मिळते. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे, हरलात तर त्यांची फी तुमच्यावर पडेल. त्यामुळे दावा लावण्याआधी वसाहतीची पूर्ण नियमावली आणि आजवरचा पत्रव्यवहार एखाद्या वकिलाला दाखवा. एचओएचा होकार आल्यावरही शहराचं परमिट आणि वीज कंपनीची जोडणीची मंजुरी वेगळी घ्यावी लागेल.