वाचकांचे प्रश्न : बागेसमोरचा फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न : आम्ही दोघंच सदाशिव पेठेत राहतो. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये. मुलगा म्हणतो आता परत पेठेत नको, इथला हक्क विकून टाका, कोरेगाव पार्कला ओशो पार्कला लागून एक रीसेलचा फ्लॅट आहे, बाल्कनीतून सगळं हिरवंगार दिसतं, तुमचं फिरणं होईल. यांना एकदम पसंत आहे. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. इथे मी रोज सकाळी सारसबागेत जाते, गणपतीचं दर्शन होतं, येताना भाजी होते, चार जणी भेटतात. तिकडे माझ्याशी बोलणार कोण? आणि बागेशेजारी राहायचा खरंच एवढा फायदा असतो का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, बोलणार कोण हे आधी घेते, कारण फ्लॅट कितीही छान असला तरी दिवस त्याच्यावरच जाणार आहे. कोरेगाव पार्कात रस्त्यावर माणसं भेटत नाहीत हे खरंय. जुन्या काळी तिथे संस्थानिकांचे बंगले होते, त्यामुळे प्लॉट मोठे, भिंती उंच, गेटवर वॉचमन, आणि आता सोसायट्या झाल्या तरी लिफ्टने थेट पार्किंगमध्ये आणि तिथून गाडीत बसून बाहेर, शेजारच्यांचं नाव कळायलाही महिने जातात. अशा भागात बाग म्हणजेच वाड्याचं अंगण. माणसं दिसतात ती तिथेच, रोज त्याच वेळेला गेलात की आठवड्याभरात कुणीतरी मान हलवतं, मग नमस्कार, मग सोबत एक राउंड. म्हणून बाग जवळ हवी हे मुलाचं म्हणणं मला पटतं, पण बाल्कनीसाठी नाही.

बाल्कनीतलं हिरवं महिनाभरात नजरेच्या सवयीचं होतं, पैसे मात्र त्याचेच जास्त लागतात. तुम्ही आधी बागेचं गेट बघा. बरेचदा बाग बिल्डिंगच्या पाठीला लागून असते आणि गेट मात्र पार वळसा घालून, मध्ये रस्ता, फुटपाथवर लावलेल्या गाड्या. तुम्ही दोघं बिल्डिंगच्या दारापासून गेटपर्यंत तुमच्या चालीने चालत जा, एजंटच्या गाडीतून नको, आणि तेही कामाच्या दिवशी संध्याकाळी, ट्रॅफिक असताना.

शिवाय बाग-बागेत फरक असतो हो. सारसबाग म्हणजे तळ्यातला गणपती, दर्शनाची गर्दी, बाहेर भेळ, मुलांचा दंगा, तुम्हाला ती सवय आहे आणि आवडही दिसतेय. ओशो पार्क तशी नाही. एकेकाळचा घाण नाला आणि आजूबाजूची पडीक जमीन, त्यावर 12 एकरांत झाडं लावून, नाल्याचं पाणी सुधारून ती उभी केली, हे काम खरोखर मोठं आहे आणि पुण्यातल्या बाकीच्या नाल्यांचं असं का झालं नाही याची मला दरवेळी हळहळ वाटते. पण ती शांत बसायची, हळू चालायची बाग आहे आणि दिवसभर उघडी नसते, सकाळी काही तास, दुपारनंतर काही तास. तुमचं फिरणं त्या वेळेत बसतं का ते आताच बघा. आणि नाला कितीही सुधारला तरी पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या बाल्कनीत अर्धा तास उभं राहून डास किती आहेत ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

नदी जवळ असलेल्या भागात फ्लॅट घेताना पूररेषाही विचारायची, निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांचे काय हाल झाले ते आपण पाहिलंय. पार्किंगमध्ये पाणी आलं होतं का हे एजंटला नाही, वॉचमनला विचारा.

आता माझं स्पष्ट मत सांगते. पेठेतला हक्क विकू नका, निदान आत्ता नको. रीडेव्हलपमेंट चालू असताना बिल्डर भाडं देतो, तुमच्या करारात किती आणि किती महिन्यांचं लिहिलंय ते बघा, त्यात मुलाला भर घालू दे आणि त्याच बागेजवळ भाड्याने घर घ्या. एक अख्खा पावसाळा, एक दिवाळी तिथे काढा. मैत्रिणी तुटायचं कारण नाही, बंडगार्डन स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरून गाडी बदलली की थेट मंडई, सप्टेंबर 2024 पासून ही सोय झालीये. फक्त घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा लागेल का ते लेन कुठली त्यावर. राहून बघितल्यावर तुमचं मन काय म्हणतं ते यांना आणि मुलाला ऐकावं लागेल, आणि तुम्हीही ते मोकळेपणाने सांगा, कारण पोटातला गोळा तुम्ही इथे लिहिलात, घरी बोललात की नाही ते पत्रात कुठेच नाही.

प्रश्न : आम्ही प्रभात रोडला जुन्या सोसायटीत राहतो. कंपाउंडमधला मोठा गुलमोहर वादळात पडेल म्हणून काही मेंबर तो तोडायचा म्हणतात. झाड आपल्याच जागेत आहे तर परवानगी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

उत्तर : परवानगी लागतेच, झाड कुणाच्याही जागेत असो. 1975 चा महाराष्ट्राचा झाडांचा कायदा आहे, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करायचा, ते येऊन पाहणी करतात. तोडायची घाई नको, वाळलेल्या आणि एका बाजूला झुकलेल्या फांद्या परवानगी घेऊन पावसाआधी छाटल्या तरी भार बराच कमी होतो. गुलमोहर ठिसूळ, मुळं फार खोल नाहीत, त्यात आपण बुंध्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक घालतो आणि ते घालताना मुळं तोडतो, मग झाड पडलं की दोष झाडाला. तुमच्याकडे बुंध्याभोवती ब्लॉक असतील तर पुढच्या मीटिंगमध्ये आधी ते काढायचा ठराव करा.