थोरला मुलगा वावरात होता

बापू, यंदा संडे स्कूल अन् पोट्ट्यांची फुटबॉलची टीम दोन्ही तुझ्याकडे आली, म्हणून लिहितो.

बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट तू शिकवशीलच: धाकटा मुलगा आपला वाटा उधळून घरी परततो, अन् बाप धावत जाऊन त्याला जवळ घेतो, मेजवानी देतो. पण धाकट्यापाशी थांबू नको. २५वी ओवी नीट वाच: थोरला मुलगा शेतात होता. आपल्या गावात पऱ्हाटीत दिवसभर राबून आलेल्या पोराला ही ओवी लगेच कळते. घरात वाजंत्री, पंगत, अन् त्याला कोणी विचारलंही नाही! तो रागावून आत जात नाही, तेव्हा बाप स्वतः बाहेर येतो. धाकट्यासाठी धावलेला बाप थोरल्यासाठीही उंबरठा ओलांडतो. कृपा ही मजुरी नाही, हे मला याच ओव्यांनी समजावलं. मोठ्या भावाशी वाटणीवरून मी चार वर्षं अबोला धरला होता, म्हणून सांगतो.

मैदानावर हेच येईल. महिनाभर न आलेला चांगला स्ट्रायकर सामन्याच्या दिवशी उगवेल. त्याला घे, पण रोज येणाऱ्याला आधी उतरव, अन् बाहेर बसवशील तेव्हा स्वतः जवळ जाऊन बोल. मोठ्या स्पर्धांत बदललेला खेळाडू परत उतरत नाही. गावपातळीवर संघटनेची परवानगी असली तर उतरवता येतो. ती आधीच विचारून ठेव.

अन् रविवारी दुपारी घरीच जेव. सूनबाई ताट झाकून वाट पाहते, अन् लेकीलाही चेंडू मारायचा असतो.